लाल दोऱ्याचा टाका

मित्रांनो, या काचेच्या पेटीत टांगलेला जुना, पिवळा कामगंध सापळा म्हणजे मीच. माझा धंदा फसवणुकीचा. माझ्या झाकणात बोंडअळीच्या मादी पतंगाच्या वासाची गोळी असे. त्या वासाला भुलून नर पतंग येई आणि खालच्या पिशवीत अडके.

सेलूजवळच्या एका बियाणे केंद्राच्या कापसात मला टांगले होते. रोजंदारीवर येणारी केशरबाई दर सकाळी पतंग मोजून वहीत आकडा लिही. एकदा माझी पिशवी फाटली, तेव्हा तिने ती लाल दोऱ्याने शिवली. असा जीव मला पुन्हा कोणी लावला नाही.

त्या काळी केंद्रातल्या या कापसाच्या नव्या वाणाला बोंडअळी लागतच नाही, असे पुस्तकांत छापलेले होते. आणि माझी पिशवी तर रोज भरू लागली! केशरबाईने केंद्राच्या दत्तराव साहेबांना वही दाखवली.

"सापळा बिघडलाय," साहेब म्हणाले.

दुसरा टांगला, तोही भरला.

"वाऱ्यानं शेजारच्या वावरातून आले असतील."

मग केशरबाईने पदरातून बोंडे आणली आणि साहेबांच्या टेबलावर फोडली. आत गुलाबी अळ्या वळवळत होत्या.

"सायेब, वारं काय बोंडात शिरून अळ्या सोडायलंय का?"

भोवतीची माणसे हसली. तेच तिला भोवले. दुसऱ्या दिवसापासून तिचे काम बंद झाले आणि सारे सापळेही उतरवले. मोजायचेच नाही म्हटल्यावर कागदावर अळी कुठून येणार?

मी गोदामात धूळ खात पडलो. चार वर्षांत अळीने तालुक्यातला कापूस पोखरला, तेव्हा कुठे पुस्तके बदलली. शाल-श्रीफळ मात्र साहेबांना मिळाले. "मला पहिल्यापासून शंका होतीच," असे सांगून त्यांनी सभेत केशरबाईचीच वही दाखवली. मलाही धुऊन परभणीच्या शेती संग्रहालयाच्या या दालनात आणले. खालच्या पाटीवर आकडे तिचे आहेत, नाव साहेबांचे.

मागच्या महिन्यात केशरबाई इथे आली होती. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "ह्यो टाका माझा हाय."

"आजी, काचेला हात लावू नका," शिपाई म्हणाला.

ती हात मागे घेऊन निघून गेली. मला फार चीड आली, पण सापळ्याची चीड कोणाला दिसते?

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. काच इथे रोज पुसतात. पण पिशवी फाटकी दिसते, नवी घालू, असे परवा बोलणे चालले होते. तेवढे करू नका. तो टाका गेला, तर या पेटीत केशरबाईचे काहीच उरणार नाही.