राणीचं नाक

"पदक हातात घेतल्यावर जो आधी कड वाचतो, तो कौतुक करायला आलेला नसतो," असं माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. "घरचा माणूस पदकावरचा चेहरा बघतो. नाव कडेवर कोरलेलं असतं, हेस्टर, आणि बाजारात किंमत त्या नावाला."

मी तेव्हा माझ्या बाळाला, बार्नबीला, उकडलेलं गाजर भरवत होते. "तुम्हाला सगळं जग चोर दिसतं," म्हणून मी विषय झटकला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गॉसपोर्टमध्ये निम्म्या घरांच्या भिंतींवर आरमारातल्या कुणा ना कुणाची पदकं असतात आणि त्यांच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचंच असतं.

मिस ट्रेडिनिक आमच्या समोरच राहायच्या. वय ऐंशीच्या आसपास, नजर अंधूक, लग्न केलेलं नाही. त्यांचे वडील, कमांडर अॅम्ब्रोझ ट्रेडिनिक, ऐन तरुणपणी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गनबोटीवर होते. ब्रिटिशांनी तिथलं बेनिन शहर जाळलं, त्या मोहिमेचं चांदीचं पदक त्यांना मिळालं. पुढे इराणच्या आखातात चोरटी हत्यारं पकडली, मग पहिलं महायुद्ध. मी कॉलेजात इतिहास शिकलेली, त्यामुळे ते पदक बघताना मला त्या शहरातल्या माणसांची आठवण यायचीच. मिस ट्रेडिनिकसमोर मात्र मी तो विषय कधी काढला नाही.

दर शनिवारी त्या पदकं घासायच्या. रविवारी चर्चला निघण्याआधी चांदी चमकली पाहिजे, ही वडिलांची शिस्त. लहानपणापासून इतकं घासलं, की बेनिनच्या पदकावरच्या व्हिक्टोरिया राणीचं नाक, डोळे, ओठ सगळं झिजून ते चमच्यासारखं गुळगुळीत झालेलं. बार्नबीला दात येत होते. त्या ते फितीसकट त्याच्या हातात द्यायच्या आणि तो तासन्‌तास हिरड्यांवर फिरवायचा.

"चावू दे गं, पोरी," त्या म्हणायच्या. "बाबांनी मलाही दिलं होतं."

ऑक्टोबरात त्यांच्याकडे मिस्टर क्विल्टर आले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांवर पुस्तक लिहितो म्हणाले. आपले आजोबा कमांडरांच्याच गनबोटीवर होते असंही सांगितलं. आवाज मऊ, बूट चकचकीत. मी बार्नबीला घेऊन तिथेच बसले होते. त्यांनी पदक उचललं, खिडकीकडे नेलं आणि कड फिरवून वाचली. राणीच्या चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. सासूबाईंचं बोलणं मनात आलं, पण मीच माझी समजूत घातली, लेखक माणूस, नाव तर तपासणारच.

"फिती पार विरल्यात," ते म्हणाले. "नोव्हेंबरच्या रविवारी अशाच लावणार? मी नव्या बसवून आणतो."

सैनिकांच्या स्मरणाच्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी ते पदकं घेऊन परत आले आणि स्वतःच्या हाताने मिस ट्रेडिनिकच्या कोटाला लावू लागले. डावीकडे.

"उजवीकडे, मिस्टर क्विल्टर," मिस ट्रेडिनिक हसल्या. "डावी बाजू ज्याने कमावलं त्याची. तुमच्या घरात कुणी सांगितलं नाही वाटतं?"

"विसरलोच," म्हणत त्यांनी पिन काढली. इथलं शाळकरी पोरही आजोबांची पदकं डावीकडे लावत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि ते चहाच्या कपाकडे.

ते निघून गेल्यावर मिस ट्रेडिनिकनी नेहमीसारखं पदक बार्नबीच्या हातात दिलं. त्याने तोंडात घातलं, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागला. त्याच्या तोंडात काय जातंय ते मी हजारदा तपासते, तशी आताही तपासायला लागले. हिरडीवर बारीक ओरखडा होता. मी पदक उजेडात धरलं. राणीला नाक होतं. डोळे होते, डोक्यावरच्या ओढणीच्या चुण्यासुद्धा होत्या.

"मिस ट्रेडिनिक, जरा हात लावून बघा."

त्यांनी अंगठा फिरवला आणि चेहरा उजळला. "अगंबाई, नाक परत आलं. काय सुरेख साफ केलंय बघ."

"साफ केल्याने नाक परत येत नाही. हे तुमचं पदक नाही."

"कडेवर बाबांचं नाव आहे ना?"

"आहे. नाव कुणीही कोरून घेईल."

बराच वेळ त्या अंगठा फिरवत राहिल्या. त्यांना कळलं असावं, असं मला अजूनही वाटतं. मग म्हणाल्या, "तो माणूस तीन-तीन तास बसून बाबांबद्दल ऐकतो, हेस्टर. तू येतेस, पण तुझं सगळं लक्ष मुलाकडे. गुरुवारी तो बाबांची तलवार आणि त्यांनी बेनिनहून आणलेला हस्तिदंत न्यायला येणार आहे, पुस्तकातल्या फोटोंसाठी. त्याच्यासमोर असलं काही बोलायचं नाही."

"फोटो तर इथेही काढता येतात. न्यायचं कशाला?"

"आता घरी जा, पोरी."

मी पोलीस चौकीत गेले, तर हवालदार म्हणाला, "तक्रार बाईंनी स्वतः केलीय का?" मी नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. सासूबाई फक्त म्हणाल्या, "कड वाचली होती ना त्याने?"

गुरुवारी मी खिडकीत उभी राहिले. तलवार ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत गेली. हस्तिदंतही गेला. मी धावत जाऊन बेल वाजवली, पण दार उघडलं नाही. पडदा मात्र हलला. त्यानंतर त्या चर्चमध्ये दिसल्या त्या क्विल्टरचा हात धरून. घरात एक खोली त्याला लिहायला दिल्याचं दूधवाल्याकडून कळलं.

डिसेंबरात माझ्या नवऱ्याची बदली स्कॉटलंडला, रोसाइथला झाली. सासूबाईही आमच्याबरोबर आल्या. तिथून मी मिस ट्रेडिनिकना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही, आणि फोन क्विल्टर उचलतो. "त्या झोपल्यात," म्हणतो, दुपारी बारालाही.

तुमच्यापैकी कुणी गॉसपोर्टकडे असाल, तर चर्चच्या मागच्या गल्लीतल्या हिरव्या दारावर थाप मारा. तो आला तर हटू नका. मिस ट्रेडिनिकना स्वतः दारापर्यंत येऊ द्या. त्यांचा हात हातात घ्या, जेवलात का विचारा. आणि एक लहान मूल सोबत न्या. त्याला बघून त्या दार उघडतील.