सुई टोचायला शिकवणारी उशी

मी एक जुनी रबरी उशी आहे. मित्रांनो, माझ्यावर डोकं टेकून आजवर कुणी झोपलेलं नाही. मला बनवलं तेच मुळी टोचून घेण्यासाठी. वर कातडीसारखं रबर, आत दाट स्पंज, आणि आकाराने मी जेमतेम वहीएवढी.

कारखान्यातून मी थेट एका दवाखान्यात आले. मूल होत नसलेल्या जोडप्यांवर तिथे उपचार होत. त्याआधी एक सिस्टर त्यांचा वर्ग घेई. बायकोच्या पोटावर रोज इंजेक्शन द्यावं लागतं. ते घरच्या घरी कसं द्यायचं, हे जोडपी माझ्यावर शिकत. कुणी भीत भीत टोचे, कुणी भसकन. "गुणाची आहे हो ही," असं सिस्टर माझं कौतुक करी.

एकदा एक बसड्रायव्हर बायकोला आणि आईला घेऊन आला. सुई हातात घेताच त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"एवढी मोठी बस चालवतोस आणि सुईला घाबरतोस?" बायको हळूच म्हणाली.

"बसला दुखत नाही," तो म्हणाला.

मागच्या खुर्चीवरून त्याची आई पुटपुटली, "हिच्यातच काहीतरी उणं आहे. माझ्या लेकाच्या जिवाला मात्र घोर." सुनेने मान खाली घातली.

ड्रायव्हरने सुई ठेवून दिली. "आई, रिपोर्ट माझा खराब आलाय. हिचा नाही. कुणाला सांगू नकोस असं मीच म्हटलं, म्हणून ही तुझं ऐकून घेते."

आई सिस्टरकडे वळली. "मग सुया हिला का?"

"कमी कुणातही असो मावशी, स्त्रीबीजं तयार व्हायचं औषध बाईलाच घ्यावं लागतं."

"काही दोष नसताना?"

"हो."

आई उठून माझ्यासमोर येऊन बसली. "दाखवा मला. हा ड्युटीवर गेला की हिला कोण देणार?" आणि तिने मला भसकन सुई मारली, तीही तिरकी.

"आई, मला अशी नका हं देऊ," सून म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

उपचार फसले. पुन्हा केले, तेही फसले. उरलेल्या सुया परत द्यायला तिघंही आली. आता थांबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"लोक काही बोलतात का?" सिस्टरने विचारलं.

"बोलून तर बघू देत," सासूबाई म्हणाल्या. "दारातच सांगते, आमचं तिघांचं छान चाललंय."

आता माझं रबर फाटलं आहे. टेबलावर नवी उशी असते, मी कपाटात खालच्या फळीवर धूळ खात पडले आहे. कुणी कधी फडकं फिरवलं तर बरं वाटेल. पण मित्रांनो, तुमच्याकडे मागणं वेगळंच आहे. ओळखीत मूल नसलेलं जोडपं असेल, तर त्यांच्या घरी जरूर जा, पोटभर गप्पा मारा. मूल का नाही, हे मात्र त्यांनी आपणहून सांगेपर्यंत विचारू नका.