समोरचा बर्फाचा कारखाना

फिल्म नऊ मिनिटांची. तिच्यावर कॉमेंट्री रेकॉर्ड करायला दिग्दर्शिका आणि कॅमेरामन स्टुडिओच्या छोट्या खोलीत बसले होते. पडद्यावर जे दिसेल त्यावर बोलत जायचं, एवढंच काम. ज्याला हवं तो प्रेक्षक फिल्म बघताना या गप्पाही ऐकणार होता.

शूटिंग दिग्दर्शिकेच्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात झालं होतं. हात मोडेपर्यंत मारणाऱ्या नवऱ्याला सोडून ताई या घरात लपून राहत होती. म्हणून दिग्दर्शिकेने फार जपलं होतं. खिडकीच्या काचांना पांढरा कागद लावला, बाहेरचा एकही शॉट घेतला नाही, आभाराच्या पाटीतूनही ताईला वगळलं.

"या शॉटला इतके रीटेक का झाले, सांग की," कॅमेरामन म्हणाला.

"तूच सांग. झोपा काढत होतास."

"झोपा? अहो बाई, तो भोंगा झोपू देईल तर ना. समोर बर्फाचा कारखाना. हिरॉइनने तोंड उघडलं की हा बोंबललाच."

दिग्दर्शिका हसली. "शेवटी मी तिथल्या वॉचमनला विनवायला गेले. तो म्हणाला, भोंगा बंद होणार नाही, तुमची बाई गप्प करा."

"आणि मग पुन्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलीस, धापा टाकत."

काचेपलीकडून साउंडवाल्याने 'मस्त' म्हणून अंगठा वर केला.

फिल्म कॉमेंट्रीसकट इंटरनेटवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शिका चहा पीत प्रतिक्रिया वाचत होती. एक ताईच्या नवऱ्याची होती. 'फिल्मपेक्षा गप्पा आवडल्या. भोंग्याचा किस्सा तर झकास.'

तिने कप खाली ठेवला. शहरात बर्फाचे कारखाने दोनच होते. आधी तिने फिल्म काढून टाकली, मग फोन लावला.

"ताई, दार लावलंयस?"

"का गं?"

दिग्दर्शिकेने सांगितलं. पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"कारखान्याचं कोण बोललं, तू की तो कॅमेरावाला?"

"आधी तो. पण मी थांबवलं नाही. मीही बोलले."

"बरं." आता कपाट उघडल्याचा आवाज.

"पोलिसांत जाऊ या?"

"मागच्या वेळी त्यांच्यासमोर किती गोड वागला, विसरलीस? मी निघतेय."

"मी येते गाडी घेऊन."

"अजिबात नको. तुझी गाडी तो लांबून ओळखतो."

"मग जाणार कुठे?"

"ते तुला नाही सांगणार."

"ताई, मी कुणाला सांगेन असं वाटतं तुला?"

"मुद्दाम तू नाही सांगणार गं. पण गोष्ट सांगायला लागलीस की तुला भान राहत नाही. पोहोचले की मीच करेन फोन."

दिवस गेला. अंधार पडल्यावर दिग्दर्शिकेने पुन्हा नंबर फिरवला. फोन बंद होता. तो ताईने बंद केला की दुसऱ्या कुणी, हे विचारावं असं तिच्याकडे कोणीच नव्हतं.