मॅचच्या दिवशी बघितलेलं घर

घर सगळ्यांना आवडलं होतं आणि खरी पंचाईत तिथेच होती. तिसरा मजला, दोन खोल्या, हॉल, पुढे बाल्कनी, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला चक्क मोठी खिडकी. किंमत ऐकून तर धाकटीला वाटलं, एजंटाची सांगण्यात काहीतरी चूक होतेय. चूक काही नव्हती. बाल्कनीत पाऊल टाकलं की समोर फुटबॉलच्या स्टेडियमची भिंत होती, अगदी अंगावर आल्यासारखी, म्हणून घर स्वस्त होतं. एजंटानं दोनदा घर दाखवलं आणि दोन्ही वेळा भर दुपारी, कामाच्या दिवशी. आत गवताला पाणी घालणाऱ्या एका माणसाशिवाय कुणी नव्हतं. "बघा, कशी शांतता आहे," असं एजंट पुन्हा पुन्हा म्हणाला. समोरची भिंत जणू त्याला दिसतच नव्हती.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांना 'आ करा, अजून मोठा करा' म्हणून सांगायचं आणि घरी आली की स्वतःचं तोंड गच्च मिटून ठेवायचं, असं तिचं चाललं होतं. घर एकत्र. थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, ती, तिचा नवरा आणि तिची लहान लेक. भांडण म्हणाल तर नावाला नाही. मेख होती ती हीच. भांडणं झाली असती तर एव्हाना दोन चुली मांडून सगळे सुखात असते. पण जाऊबाई पडल्या चांगल्या. धाकटीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं, तर या बाईनं महिनोन् महिने तिची वेणीफणी केली, ताट हातात आणून दिलं आणि एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. अशा बाईला 'मला तुमच्यापासून वेगळं राहायचंय' हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून धाकटी सगळ्यांना सांगायची की नवं घर दवाखान्याला जवळ पडतं, लेकीच्या शाळेला जवळ पडतं, किंमत परवडते. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण म्हणजे सिंकमधलं पातेलं. दमून आल्यावर एखादं पातेलं रात्रभर सिंकमध्ये तसंच पडू द्यावं, एवढीच तिची चैनीची कल्पना होती. पण सकाळी उठून बघावं तर ते लख्ख घासून ओट्यावर पालथं घातलेलं असायचं. कुणी काही बोलायचं नाही. ते पालथं पातेलंच काय ते बोलायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारीचा हात मायेचा असला की ओरडायचीही सोय राहत नाही.

नवऱ्याला हे माहीत होतं. पण तो पडला लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर द्यायचं त्याचं रोजचं काम, त्यामुळे 'होईल, होईल, घाबरू नकोस' यापलीकडे त्याची गाडी कधी गेली नाही.

घराचा विषय निघाल्यापासून जाऊबाई मात्र एकेक खोड काढत होत्या. त्या घरबसल्या पडदे शिवून द्यायच्या. शिवणाला वेगळी खोली नव्हती, म्हणून मशीन बोळात, न्हाणीच्या दाराशी ठेवलेलं. मशीन चालवता चालवता त्यांचं सुरू व्हायचं. तिथे धूळ फार असेल. गाडी लावायला जागा मिळायची नाही. पोरीची झोप उडेल. सगळ्यांना वाटतं मोठं घर मिळालं, पण दुरून डोंगर साजरे. धाकटी गप्प ऐकायची आणि मनात म्हणायची, बघा, केवढी माया, आम्ही जाणार म्हणून जीव तुटतोय हिचा. आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची. शेवटी जाऊबाईंनी एक अटच घातली. घर घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी एकदा मॅचच्या दिवशी तिथे जाऊन बसायचं, सगळ्यांनी. अट रास्तच होती.

घराची मालकीण निवृत्त शिक्षिका होती आणि एजंटापेक्षा शंभर पटीनं सरळ. तिनं आपणहून किल्ली दिली. ती संध्याकाळी बहिणीकडे जाणार होती. "मनसोक्त ऐका," ती म्हणाली, "आणि मॅच सुटल्यावर लगेच खाली उतरू नका, गर्दीत चेंगराल. मी इतकी वर्षं इथे काढलीत. सवय झाली असं खोटं सांगणार नाही. पण मॅच नसते त्या दिवशी या घरासारखं घर नाही."

त्या संध्याकाळी ते निघाले तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच माणसांचा पूर लोटला होता. लिफ्टवाल्यानं लेकीला खांद्यावर घेतलं. दादा, म्हणजे थोरले दीर, चष्म्यांचे दुकानदार, गर्दीत प्रत्येकाच्या नाकावरची फ्रेम न्याहाळत चालले होते. धाकटी मनातल्या मनात विनवण्या करत होती की आज मॅच अगदी रटाळ होऊ दे, कुणालाच गोल मिळू नये, लोकांना झोपा येऊ देत. तिला घर हवं होतं. इतकं हवं होतं की आपल्याला हे घर मिळालं नाही तर आपण पुन्हा दुसरं बघणार नाही, तेवढा धीरच उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

मॅच रटाळ झाली नाही. पहिल्याच झटक्याला असा काही गलका उठला की कपाटातल्या काचेच्या पेल्यांना कंप सुटला. ढोल, शिट्ट्या, पिपाण्या आणि त्या सगळ्याखालून हजारो माणसांचा एक घोगरा आवाज. खिडक्या लावून घेतल्या तर आवाज भिंतींतून आला. एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं. नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. तिथून मैदानाचा फक्त एक कोपरा आणि तिथला झेंडा दिसत होता, पण तेवढ्यावर तो आणि लेक दोघं खूश होते. झेंड्याजवळ खेळाडू आला की लेक टाळ्या पिटायची. जाऊबाई पर्समधून टेप काढून हॉलच्या खिडक्या मापत होत्या. पडदेवाल्या बाईला खिडकी दिसली की हात टेपकडे जातोच, पण त्यांचा चेहरा असा ओढलेला होता की धाकटीनं तिकडे बघायचंच सोडून दिलं. ती सोफ्यावर बसली. संपलं, तिनं मनाशी म्हटलं. आता दादा म्हणतील, राहू दे हे घर, आणि आपण मान हलवणार, आणि उद्या सकाळी पातेलं पालथं असणार.

थोड्या वेळानं जाऊबाई मागे स्वयंपाकघरात गेल्या, त्यांच्यामागे दादाही. बाल्कनीतून लेकीनं पाणी पाहिजे अशी खूण केली म्हणून धाकटी उठली. बाहेर घरच्या संघानं जोर धरला असावा, कारण गलका चढत चढत इतका चढला की स्वतःच्या चपलांचा आवाजही तिला ऐकू येईना. स्वयंपाकघराच्या दाराशी ती पोचली. दोघं पाठमोरे खिडकीशी उभे होते. दादा वाकून जाऊबाईंच्या कानाशी काहीतरी सांगत होते, हातानं 'नको, नको' करत होते. जाऊबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी ओरडायला लागल्या.

आणि त्याच वेळी मैदानात काय झालं ते झालं. चेंडू घरच्या संघाकडून निसटला, पाहुण्या संघानं तो उलट नेला आणि थेट गोलात घातला. हे नंतर नवऱ्यानं सांगितलं. त्या क्षणी एवढंच कळलं की अख्खं स्टेडियम एका दमात गप्प झालं. अशी शांतता की नळाचा थेंब पडलेला ऐकू यावा. आणि त्या शांततेत जाऊबाईंचा टिपेला लागलेला आवाज एकटाच उरला.

"जाऊ द्या त्यांना! मला माझं घर एकटीला हवंय हो!"

बाल्कनीत नवरा गर्रकन वळला. शेजारच्या बाल्कनीतल्या गृहस्थांनीही मान वळवली, मग सभ्यपणानं परत फिरवली. दादांनी कपाळाला हात लावला. जाऊबाई वळल्या आणि त्यांना दारात धाकटी दिसली.

आता खरं तर धाकटीनं उड्या मारायला हव्या होत्या. हवं होतं तेच कानावर आलं होतं. पण माणसाचं मन मोठं विचित्र. आपल्यालाच उठून जायचं असलं तरी दुसऱ्यानं 'जा' म्हटलं की लागतंच. तिला वेणीफणी करणारे ते हात आठवले आणि वाटलं, म्हणजे तेव्हाही हिला नकोशीच होते की काय मी?

जाऊबाईंचं तोंड पांढरं पडलं होतं. त्या काहीतरी सारवासारव करणार, एवढ्यात बाहेर पुन्हा ढोल सुरू झाले. दादा बिचारे दोघींच्या मधून अंग चोरून निघाले आणि बाल्कनी गाठली. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय असावा. धाकटी पुढे झाली. तिनं जाऊबाईंच्या कानाला तोंड लावलं आणि इतक्या वर्षांची मिटलेली मूठ उघडली.

"ताई, मलाही हवंय."

जाऊबाईंनी विचारलं, कधीपासून? धाकटीनं सांगितलं, तुम्ही डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हापासून. मला काय साखर आणि मीठ ओळखता येत नव्हतं? जाऊबाई म्हणाल्या, नव्हतंच येत, दोनदा घोटाळा केलास तू. आणि तू माझ्या मशीनवर ओले टॉवेल टाकायला लागलीस ना, तेव्हापासून मी दिवस मोजतेय. धाकटीला पातेल्याचं बोलायचं होतं, ते तिनं बोलून घेतलं. जाऊबाईंना तिच्या अलार्मचं बोलायचं होतं, जो पहाटे तीनदा वाजतो आणि जिचा आहे ती सोडून सगळं घर उठवतो. एक बोलायची, दुसरी कानामागे हात धरून ऐकायची, की लगेच दुसरीची पाळी. बाहेर वीस-तीस हजार माणसं बोंबलत होती आणि आत या दोघी. बाल्कनीतून बघणाऱ्या दोघा भावांना नुसते हातवारे दिसत होते. जुंपली म्हणून लिफ्टवाला आत यायला निघाला तर दादांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला जागेवर उभा केला.

मध्येच केव्हातरी जाऊबाईंना हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. धाकटीही हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती सरळ फरशीवर बसली. शेजारी जाऊबाई बसल्या.

मध्यंतर झालं असावं, कारण बाहेर जरा निवलं. मग जाऊबाईंनी साध्या आवाजात सांगितलं. त्यांनी एवढ्या खोडी काढल्या त्या घराच्या नव्हत्याच. धाकटीनं पहिल्यांदा घराचं नाव काढलं त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला की त्यांनाच भीती वाटली. चटकन 'घे' म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, जाऊबाई वाटच बघत होत्या. म्हणून त्या आपल्या नको, नको म्हणत राहिल्या. आणि आज आवाज ऐकून दादा म्हणाले, बेत रद्द करू, इथेच राहू देत आपल्याजवळ, तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला.

"तू नकोशी नव्हतीस गं," त्या म्हणाल्या. "घर पुरत नव्हतं."

धाकटीनं त्यांचा हात धरून ठेवला. एवढं एक वाक्य तिला हवं होतं, हे ऐकेपर्यंत तिलाही माहीत नव्हतं.

मग चौघं हॉलमध्ये बसून खरा विचार करायला लागले. आवाज वाईट होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मॅचेस काही रोज नसतात. जाऊबाईंनी सांगितलं, जाड कापडाचे दुहेरी पडदे शिवले तर निम्मा आवाज तरी अडेल. शिवून त्या देणार होत्या, कुणी विचारायचंही कारण नव्हतं. लिफ्टवाल्यानं लिफ्ट आधीच तपासून ठेवली होती आणि ती उत्तम होती. लेक तर उत्तरार्ध सुरू होताच सोफ्यावर आडवी झाली होती, ढोलाच्या तालावर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. दादा तेवढे थोडे रुसून बसले. पोरीशिवाय घर खायला उठेल, ते पुटपुटले. ते खरं होतं. शेवटी त्यांनीच चष्मा पुसला आणि म्हणाले, उद्या मालकीणबाईंना होकार कळवा.

मॅच सुटली. घरचा संघ हरला होता, त्यामुळे खालून माणसं मुकाट चालली होती. उतरता येत नव्हतंच, म्हणून दोघी जावा बाल्कनीत उभ्या राहिल्या. आता ओरडायची गरज नव्हती, तरी जाऊबाईंनी सवयीनं धाकटीच्या कानाशी तोंड नेलं.

"तिकडे आमच्याकडे आलीस की बेल वाजवून ये," त्या म्हणाल्या. "किल्ली असली तरी. एवढी वर्षं एका घरात काढली, पण मी तुला कधी 'ये, बस' म्हणू शकले नाही. मला म्हणायचंय एकदा."