पन्नास हत्ती आणि एक नगारा

मित्रांनो, तांब्याच्या पोटाचा मी एक जुना नगारा आहे. माझ्यावर टिपरी पडली की आवाज तीन गल्ल्या पलीकडे जात असे. तरीही माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम मी गप्प राहून केले. हे ऐकून पुष्कळजण हसतात. हसू देत. मी माझे म्हणणे मागे घेणार नाही.

अक्कलकोटच्या एका तांबटाने मला घडवले. माझ्या तोंडावर रेड्याचे कातडे ओल्या वादीने आवळून बसवले. काही वर्षे मी एका मठाच्या दारात वाजलो. ईरप्पा माझा वादक. मठाने नवा नगारा घेतला तेव्हा ईरप्पाने मला मागून घेतले आणि बैलगाडीत घालून सोलापूरला, भवानी पेठेत आणले.

ते १९२७ साल होते. चित्रपट तेव्हा मुके होते. म्हणून थेटरमालक चनमल्लप्पाने पडद्याशेजारी एक पेटीवाला, पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा एक वाचक आणि आम्हा दोघांना ठेवले होते. घोडे धावले की मी धावायचो, वीज पडली की मी कडाडायचो. खेळाआधी ईरप्पा शेगडी माझ्याजवळ आणून कातडे तापवी, मग त्यावर कान टेकून बघे. त्या कानाची ऊब मी विसरलेलो नाही.

एका शुक्रवारी लढाईचा चित्रपट लागला. दारावर फळा झळकला : 'हजार घोडे! पन्नास हत्ती!' त्या दिवशी मी इतका वाजलो की पेटी कुणालाच ऐकू आली नाही. तरी खेळ संपायच्या आत बायकांची बाजू निम्मी रिकामी झाली.

चनमल्लप्पा उखडला. "जोर लाव की, ईरप्पा! हत्ती उंदरावानी दिसायलेत. रविवारपत्तूर थेटर भरलं न्हाय, तर तू आन तुजा नगारा दोगं बी बाहेर. पेटीवर भागवतो मी."

"मालक, आता कातडं फाटंल."

"फाटू दे!"

ईरप्पाची मुलगी नागव्वा गिरणीत सुताची रिळे भरायच्या कामावर होती. उठून गेलेल्या बायकांत तीही होती. ईरप्पाने घरी गेल्यावर तिला विचारले, "बापाचं वाजवणं सोडून गेलीस व्हय गं?"

"दिवसभर गिरणीत तेच ऐकते की, अप्पा. हजार घोडे आमच्या खात्यात रोज धावतात. भोंगा झाल्यावर बी कानात धावतात. तुमी वाजवायला लागला की आमी पुन्हा गिरणीतच."

"मग मोठं काय वाटंल तुमाला?"

नागव्वा म्हणाली, "ती म्हातारी येती बघा शेवटाला. लढाई संपल्यावर पोराला हुडकती. आमी गिरणीत साच्यांच्या खडखडाटात एकमेकींचे ओठ बघूनच बोलतो. ती काय म्हणती ते आमाला कळंल. पण तितं बी तुमी धडाधडा वाजवता, वर तो वाचक वरडतो. मन लागावं कसं?"

शनिवारभर ईरप्पाने मालकाच्या हुकमाप्रमाणे वाजवले. थेटर भरले नाही.

रविवारी लढाईत मी पूर्वीसारखाच गर्जलो. शेवटचा हत्ती कोसळला आणि पडद्यावर म्हातारी आली. ईरप्पाने टिपऱ्या खाली ठेवल्या. दोन्ही तळहात माझ्या कातड्यावर ठेवून उरलेला नादही दाबून टाकला. त्याने मान हलवली तशी पेटी थांबली. वाचकाने वाचायला तोंड उघडले होते, ते मिटले.

"नगारा झोपला का रे!" मागून एकजण ओरडला.

"तूच गप की, मुडद्या!" बायकांच्या बाजूने उत्तर आले. लोक हसले आणि मग हसू विरून गेले.

"वाजव, ईरप्पा, वाजव!" चनमल्लप्पा दारातून दबक्या आवाजात म्हणत होता. ईरप्पाचे तळहात हलले नाहीत. त्यांतली नाडी तेवढी मला लागत होती.

म्हातारी एकेक प्रेत उलटून बघत होती. तिचे ओठ हलले. "ल्येका," बायकांत कुणीतरी पुटपुटले. "मगा," दुसरी कानडीत म्हणाली. मागून एका विणकरणीचा तेलुगू आवाज आला, "कोडुका." म्हातारीने एकच हाक मारली होती. प्रत्येकीने ती आपापल्या भाषेत वाचली. पडदा रोजचाच होता, पंधरा हातांचा. पण ते रणांगण कुठे संपते, हे मला त्या दिवशी दिसेना.

खेळ सुटल्यावर चनमल्लप्पा गरजला, "वाजवायला ठेवलंय तुला, हात टेकून बसायला न्हाय!"

"उद्या बी मी तितं वाजवणार न्हाय, मालक. काडायचं तर आत्ताच काडा."

मालक उत्तर देणार, तोच दाराशी बायका विचारू लागल्या, उद्या किती वाजता खेळ आहे. आमची जागा राहिली. पण आपले चुकले असे चनमल्लप्पा कधीच म्हणाला नाही. त्याने फळ्यावर हत्ती तेवढे पंच्याहत्तर केले.

पुढे बोलपट आले. पडदाच बोलू लागला आणि मी जिन्याखाली गेलो. उंदरांनी माझ्या वाद्या कुरतडल्या. बोलपटांवर माझा राग नाही. पण आवाज वाढवला की चित्र मोठे होते, असे कुणी म्हटले तर मी आजही भांडेन. ईरप्पाने मला घरी आणले, नव्या वाद्या घातल्या. काम नव्हते, तरी तो मला तापवत राहिला.

१९३६ साली ईरप्पा गेला. अंत्ययात्रेला चनमल्लप्पा स्वतः आला. डोळे पुसून म्हणाला, "नागव्वा, वाजवायला सांग. एवढा मोठा माणूस गेला. पेठेला कळू दे की."

नागव्वाने मला पुढच्या गाडीवर चढवायला लावले होते. एकाने टिपरी उचलली. तिने दोन्ही तळहात माझ्या कातड्यावर ठेवले.

"न्हाय, मालक."

गाडी निघाली. गिरणी नुकतीच सुटली होती. बायका रस्त्याच्या कडेने थांबल्या, केसांत कापूस तसाच. त्यांचे ओठ हलत होते. मला काही ऐकू आले नाही. नागव्वा एकेकीकडे बघत चालली होती आणि मान हलवत होती.

मित्रांनो, जुन्या नगाऱ्याला जिन्याखाली टाकू नका. त्याला कोरडे ठेवा, वाद्या तपासत जा. कुणाला वाजवायला शिकवलेत, तर तळहात कधी ठेवायचा तेही शिकवा. नागव्वा अजून शेगडी माझ्याजवळ आणते. कातडे तापले की त्यावर कान टेकते, ईरप्पा टेकत असे तिथेच. टिपऱ्या खुंटीला आहेत. त्यांना ती हात लावत नाही.