उपडा पेला

"कोणी मीठ घातलं ह्यात?" हाजी मक्की ओरडले.

साफीच्या बंदरावर हाजींचा तारलीचे डबे भरायचा कारखाना. टेबलांवर साठ बायका मासे कापतात, भरतात. टोमॅटोचा रस्सा मी शिजवते. रमजानचा तिसरा दिवस होता. स्पेनहून आलेल्या खरेदीदाराने एक डबा उघडला, घास तोंडात घातला आणि रुमालात थुंकला. मीठ दोनदा पडलं होतं. पडणारच, चाखणार कोण? जिभेला लावून थुंकलं तर चालतं म्हणतात, पण आमच्या बायका त्या वाटेला जात नाहीत. सकाळपासूनचे सगळे डबे वाया गेले.

हात माझाच होता. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, घरात दोन पोरी. ही नोकरी गेली की संपलंच सगळं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आमची मुकादमीण तामू, आम्ही बायका मानाने तिला लल्ला म्हणतो, पुढे झाली.

"चूक माझी आहे, हाजी."

"तू कुठे शिजवतेस?"

"शिजवत नाही. पण रमजानात चाखायची सोय बघायची ती मी. नाही बघितली."

"मला नाव पाहिजे, तामू."

"दिलं की. तामू."

हाजींनी तिचा निळा एप्रन तिथल्या तिथे उतरवून घेतला आणि पहिल्या टेबलावरच्या बतूलच्या हातात दिला. वीस वर्षांची मुकादमी अशी गेली. मला रडू आलं, आणि खरं सांगते, हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

काय बाई होती! रोज सकाळी प्रत्येक टेबलापाशी थांबून एकच विचारायची, "काय अडतंय गं?" कुणाची सुरी बोथट, कुणाकडे बर्फ कमी. दुपारच्या आत ते निस्तरलेलं असायचं. कौतुक करायची ते अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं. झापायची मात्र बर्फाच्या खोलीत नेऊन, दार लावून. बाहेर आलेली बाई थंडीने लाल झालीय की बोलणी खाऊन, कुणाला कळायचं नाही.

मी तिच्यामागे धावले. "लल्ला, मी सांगते हाजींना."

"मग दोघी घरी बसू, होय? त्यापेक्षा चादर आण एखादी, जुनी."

हंड्याशेजारी तिने ती चादर टांगली. मागे स्टुलावर चमचा, वाटी आणि एक काचेचा पेला ठेवला. मग बायकांना म्हणाली, "ज्या बाईला त्या दिवसांत रोजा नसतो, मागून ईदनंतर भरून काढायचा असतो, तिने येताजाता चव घ्यायची. बरी असेल तर पेला उपडा घालायचा. कोण आत गेली ते कुणी बघायचं नाही, विचारायचं तर नाहीच."

"आणि तुमच्यासारख्यांनी काय करायचं, लल्ला?" कुणीतरी टोमणा मारला.

"आमचं दुकान कधीच बंद झालं गं! आम्ही मुकाट मासे कापायचे."

आणि ती खरंच दाराजवळच्या, कामात सगळ्यात मागे पडणाऱ्या टेबलावर सुरी घेऊन बसली.

पेला रोज उपडा व्हायचा. सव्विसाव्या दिवशी मात्र अकरा वाजले तरी सुलटाच. अर्ध्या बायका सणासाठी गावी गेलेल्या. तोच खरेदीदार दुपारी पुन्हा येणार, हाजी जिन्यावर उभे.

"इज्जा, रस्सा सोडू का नको?" बतूलने मला विचारलं. ह्या वेळी चुकलं असतं तर मला वाचवायला कुणी उरलं नव्हतं.

दाराजवळच्या टेबलावरून लल्ला तामू उठली. साठी उलटलेली, आयुष्यात एक रोजा बाकी न ठेवलेली, घरच्या चुलीपाशीही रमजानात जिभेला चमचा न लावणारी. तिने हात धुतले आणि पडद्यामागे गेली. एकही सुरी थांबली नाही, एकही मान वर झाली नाही. नियम तिचाच होता.

ती बाहेर आली, जागेवर जाऊन बसली. मी आत डोकावले. पेला उपडा होता.

तिने थुंकलं की गिळलं, मला ठाऊक नाही. ईद झाली. दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या चहाला, लल्ला तामूने आपला ग्लास बाजूला सारला.

"पोट बरं नाही," ती म्हणाली.

मी माझ्या ग्लासातला चहा बतूलच्या ग्लासात ओतला आणि माझा ग्लास तिच्याशेजारी उपडा घातला.