पडला तो आणि उठला तो

वामनने पत्र्याचा कर्णा धोतराच्या सोग्याने पुसला आणि पडद्याकडे बोट करून सांगायला लागला, "आता पाहा, हिरो झोक्यावर चढून राह्यला!"

सिनेमा मद्रासकडचा होता. त्यातलं बोलणं जालन्यात कुणाला कळणार नव्हतं, म्हणून तंबूच्या मालकाने दुपारच्या खेळाला वामनला उभं केलं होतं. तमिळ त्यालाही येत नव्हतं. दिसेल त्यावरून तो गोष्ट जमवायचा.

"वामन्या, वाघ कवा यायचा रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझी बायको आली की!"

तंबू हसला. सगुणाबाई हसली नाही. तिचा नवरा सर्कशीत झोक्यावर काम करायचा. चार वर्षांमागे एका सिनेमा कंपनीने त्याला मद्रासला नेलं होतं, हिरोच्या जागी उंचावरून पडायला. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. मद्रासचा सर्कशीचा सिनेमा लागलाय असं कानावर आलं, तशी ती थोरल्या जावेला घेऊन तीर्थपुरीहून आली होती.

जावेने, गोजरबाईने, फुटाणे पुढे केले.

"आज सोमवार हाय, बाई."

नवऱ्यासाठी धरलेले तिचे सोमवार चार वर्षांत एकदाही मोडले नव्हते.

पडद्यावर एक माणूस पाठमोरा दोर चढत होता. वर पोचल्यावर त्याने आधी उजवा, मग डावा तळवा मानेवर पुसला. सगुणाबाईने जावेचं मनगट घट्ट धरलं.

"हेच हायेत. हात पुसायची तऱ्हा त्यांचीच."

"मंग जिते हायेत की गं!"

ढोल वाजू लागले. झोका गेला, आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला हात सुटले. माणूस खाली आला आणि लाकडाच्या भुशाचा लोट उठला. लगेच पडद्यावर एक गोरापान चेहरा आला. कपाळावर रक्ताची बारीक रेघ, ओठांवर हसू.

"उठला! बिलकुल वाचला!" वामन ओरडला.

टाळ्या पडल्या. गोजरबाईने पडद्यालाच हात जोडले. चेहरा गेला, नाचगाणं सुरू झालं, तरी सगुणाबाई भुसा उडाला होता त्या जागेकडेच पाहत राहिली.

खेळ सुटल्यावर ती वामनपाशी गेली.

"दादा, जो पडला तो उठताना दिसला का तुम्हाला?"

"म्हंजे? समद्यांनी पाह्यलं की."

"उठला तो दुसरा व्हता."

"अहो बाई, सिनेमात तसंच असतंय. एक पडतो, दुसरा उठतो. खाली जाळं बांधलेलं असतंय, ते दाखवत न्हाईत."

"दोन वर्षं मी सर्कशीत त्यांच्यासंगं राह्यले. जाळ्यात पडलेला माणूस एकदा तरी वर उसळतो."

वामनने कर्णा हळूच खाली ठेवला.

"मालकाला सांगून कंपनीला चिठ्ठी टाकायला लावतो," तो म्हणाला. "नाव काय त्यांचं?"

गोजरबाई घाईने पुढे झाली. "थांबा, मी सांगते. ती कशी घेईल नाव?"

सगुणाबाईने तिला हाताने अडवलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"धर्मराज," ती म्हणाली. "धर्मराज रखमाजी."